धनादेशावरून उतरलेली अक्षरे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण जमाखर्च, ठराव आणि अभिलेख यांविषयी पुष्कळ ऐकले आहे. दुपारच्या या सत्रात अक्षरांविषयी बोलावे, असे संयोजकांनी मला सुचविले, तेव्हा 'कोणत्या अक्षरांविषयी?' असे मी विचारले. 'सूचनाफलकावरच्या' असे उत्तर आले. माझे बोलणे शेवटी सूचनाफलकापाशीच यावयाचे आहे. परंतु तेथे पोचण्यासाठी मी थोडा लांबचा रस्ता धरणार आहे. तो बँकेतून निघतो, लंडनला जातो आणि क्षणभर चंद्रावरही थांबतो. भोजनोत्तर सत्र असल्यामुळे आपण हा प्रवास गोड मानून घ्याल, अशी आशा आहे.

अलीकडे रकमा परस्पर खात्यात जमा होऊ लागल्या असल्या, तरी धनादेशपुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अजून आहे. धनादेशाच्या तळाशी पांढरी पट्टी असते आणि तिच्यावर काळ्या शाईत काही आकडे छापलेले असतात. ते आकडे आपण शेकडो वेळा पाहिले असतील, पण निरखून क्वचितच पाहिले असतील. त्यांची ठेवण मोठी चमत्कारिक असते. कोणाचा पाय जाड, कोणाचे पोट एकाच बाजूस सुजलेले, तर कोणाची मान काडीसारखी बारीक. शाळेत एखाद्या मुलाने असे आकडे काढले असते, तर गुरुजींनी त्याच्याकडून ते दहा वेळा गिरवून घेतले असते. माझा आजचा विषय म्हणजे हे आकडे आणि त्यांच्या पोटी जन्मलेले एक विक्षिप्त अक्षरवळण.

या आकड्यांचा जन्म अमेरिकेत १९५० च्या दशकात झाला. महायुद्धानंतर तेथे धनादेशांचा वापर इतका वाढला की, दिवसाची नोंद दिवसात पुरी करण्यासाठी बँकांना दुपारी दोन वाजताच दारे लावून घ्यावी लागत. कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिकेने हे काम यंत्राकडून करवून घेण्याचा विचार केला आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे तो प्रश्न सोपविला. माणसाचे हस्ताक्षर त्या काळच्या यंत्राला वाचता येणे शक्यच नव्हते. तेव्हा यंत्राला वाचता येईल असा आकडाच घडवावा, असे ठरले. दशक संपण्यापूर्वी अमेरिकन बँकांच्या संघटनेने या आकड्यांचा एक नमुना प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याचे नाव 'ई-१३ बी'. नाव रुक्ष आहे, पण त्यात सारा इतिहास आहे. विचारार्थ आलेला हा पाचवा नमुना, म्हणून ई. तो ज्या चौकटीवर आखला तिचे एक घर इंचाच्या एक हजार भागांपैकी १३ भाग रुंदीचे, म्हणून १३. आणि त्याची ही दुसरी आवृत्ती, म्हणून बी.

येथे शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. या आकड्यांची उंची नऊ घरांची आणि रुंदी जास्तीत जास्त सात घरांची असते. गणिताच्या चौकटीच्या वहीत सात बाय नऊ घरे आखून रद्द झालेल्या धनादेशावरचे आकडे विद्यार्थ्यांकडून मोठे करून काढून घ्यावेत. अर्ध्या तासात भूमिती, मोजमाप आणि चुंबकत्व हे तिन्ही विषय एका पानावर येतात.

चुंबकत्व अशासाठी की, ही शाई साधी नसते. तिच्यात लोहाच्या संयुगाची पूड असते. धनादेश यंत्रात शिरला की प्रथम ही शाई चुंबकित केली जाते आणि मग एका बारीक फटीसारख्या वाचकशीर्षाखालून आकडे सरकत जातात. त्या क्षणी फटीखाली शाई किती आहे, एवढेच यंत्राला कळते. शाई अधिक असली की लाट उंच होते, कमी असली की खाली येते. प्रत्येक आकड्याची लाट दुसऱ्या कोणत्याही आकड्याच्या लाटेहून निराळी निघाली पाहिजे, म्हणून कोठे पाय जाड केला, कोठे पोट फुगविले. आपल्या डोळ्याला जी सूज वाटते, ती यंत्राच्या कानाला निराळा सूर म्हणून ऐकू येते. या योजनेचा आणखी एक फायदा झाला. आकड्यांवर बँकेचा शिक्का पडला किंवा कोणाची सही उतरली, तरी यंत्र अडत नाही, कारण शिक्क्याच्या साध्या शाईत चुंबकत्व नसते.

आपल्या देशात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय रिझर्व्ह बँकेने मुंबईसारख्या महानगरांच्या समाशोधनगृहांत ही पद्धत आणली. धनादेशावरील नऊ आकड्यांच्या संकेतांकात पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे असतात. मुंबईचा संकेतांक ४०० ने सुरू होतो. आपल्या पिनकोडशी त्याचे नाते आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. पुढे २००८ मध्ये दिल्लीत आणि २०१३ मध्ये मुंबईत धनादेशाचा कागद हिंडविण्याऐवजी त्याचे चित्रच पाठविण्याची पद्धत सुरू झाली. चुंबकीय शाईची ती पट्टी मात्र धनादेशाच्या तळाशी आजही आहे.

आता यातील एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर आधारलेले आहे. ई-१३ बी या संचात फक्त चौदा चिन्हे आहेत. दहा अंक आणि चार खुणा. त्यात एकही अक्षर नाही. यंत्राला अक्षरांची गरजच नव्हती.

मग आकड्यांशी जुळणारी अक्षरे आली कोठून? ती माणसाने माणसांसाठी काढली. १९६० च्या दशकाच्या मध्यास लंडनमधील एका छपाईसमूहाच्या रेखाशाळेत लिओ मॅग्ज नावाचा तरुण काम करीत असे. तेथील सुप्रसिद्ध ऑपेरागृहाच्या स्नेहीमंडळाचे एक नियतकालिक निघे. त्यातील एका लेखासाठी 'भविष्यकालीन' वाटेल असे शीर्षक त्याला काढावयाचे होते. त्याने धनादेशावरचे आकडे समोर ठेवले आणि त्याच सुजलेल्या वळणात काही अक्षरे काढली. पुढे त्याने संपूर्ण वर्णमाला पुरी केली. ती 'वेस्टमिन्स्टर' या नावाने बाजारात आली. हे नाव पार्लमेंटवरून आले असावे असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात ते वेस्टमिन्स्टर बँकेवरून आले. १९७० मध्ये बॉब न्यूमन यांनी लेट्रासेट कंपनीसाठी याच जातीचे 'डेटा ७०' हे वळण काढले. त्याच कंपनीने १९६५ मध्येच 'काउंटडाउन' नावाचे, अग्निबाणाच्या उलटगणतीची आठवण करून देणारे अक्षर विक्रीस आणले होते.

लेट्रासेट म्हणजे काय, हे आपल्यातील ज्येष्ठांना सांगावयास नको. पारदर्शक पानाच्या मागे अक्षरे चिकटविलेली असत. पान कागदावर ठेवून वरून बोथट काडीने घासले की अक्षर खाली उतरे. ज्याच्याजवळ खिळे नाहीत, छापखाना नाही, अशा कोणालाही या सोयीमुळे दुकानाची पाटी किंवा पुस्तकाचे वेष्टन घरबसल्या सजविता येऊ लागले. त्यामुळे ही 'संगणकी' अक्षरे वाऱ्यासारखी पसरली. विज्ञानकथांची वेष्टने, चित्रपटांच्या जाहिराती, ध्वनिमुद्रिकांची पाकिटे, विजेची उपकरणे विकणारी दुकाने, सर्वत्र ती दिसू लागली. याचे कारण मला असे वाटते की, त्या काळी सामान्य माणसाने संगणक प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. संगणकाची एकच खूण त्याच्या घरापर्यंत आली होती आणि ती म्हणजे धनादेशाच्या तळाची ती ओळ. साहजिकच तिलाच त्याने संगणकाचा चेहरा मानले.

गंमत अशी की, हा चेहरा संगणकाला मुळीच ओळखू येत नव्हता! साध्या शाईत छापलेले 'डेटा ७०' चे अक्षर बँकेच्या यंत्रापुढे धरले, तर त्याच्या लेखी तो कोरा कागद. यंत्राला वाचता न येणारी आणि माणसाला वाचावयास कष्टाची, अशी ही अक्षरे केवळ वेष म्हणून होती. नाटकातील पात्राने राजाचा मुकुट घालावा, तसा अक्षरांनी यंत्राचा मुखवटा घातला होता.

याउलट २० जुलै १९६९ रोजी माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरला, तेव्हा अपोलो ११ च्या यानावर जी धातूची पाटी होती, तिच्यावरचा मजकूर 'फ्युचुरा' या साध्या, सरळ अक्षरांत कोरलेला होता. हे अक्षर जर्मनीतील पाउल रेनर यांनी काढले आणि ते १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे चंद्रावर जाणाऱ्यांनी बेचाळीस वर्षांपूर्वीचे सुबोध अक्षर नेले आणि पृथ्वीवरच्या दुकानदारांनी अग्निबाणाचे अक्षर पाटीवर चढविले. ज्याला खरोखरच दूर जावयाचे असते, त्याला वेष करण्यास सवड नसते, असे गमतीने म्हणता येईल.

आज ही अक्षरे पाहिली की मनात एक निराळाच भाव उमटतो. त्यांत आपल्याला पुढचा काळ दिसत नाही. १९७० च्या सुमारास माणसाने पाहिलेला 'उद्या' तेवढा दिसतो, आणि तो उद्या आता मागे पडला आहे. आजचा संगणक खिशात मावतो आणि साध्यातले साधे अक्षर वाचतो. जुन्या स्वप्नाची ही चव हेच या वळणाचे आजचे मोल आहे. चित्रकार ते मुद्दाम वापरतात, आणि योग्य ठिकाणी वापरले तर ते खरोखरच मजेदार दिसते. या अक्षरांची मी थट्टा करीत आहे, असा कृपया समज करून घेऊ नये. मला ती आवडतात. माझी अडचण त्या आवडीतूनच निर्माण झाली. ती पुढे सांगतो.

यंत्र आणि अक्षर यांच्या या संबंधात त्याच काळात दोन मोठ्या कलावंतांनी दोन वाटा धरल्या. हॉलंडच्या विम क्रौवेल यांनी १९६७ मध्ये 'न्यू अल्फाबेट' नावाची वर्णमाला मांडली. पडद्यावर प्रकाशबिंदूंनी अक्षर उमटविणाऱ्या नव्या यंत्रांना वक्ररेषा नीट जमत नाहीत, तर वक्ररेषाच नको, असे म्हणून त्यांनी केवळ उभ्याआडव्या रेषांतून अक्षरे बांधली. परिणाम असा झाला की, कित्येक अक्षरे कोणती तेच ओळखू येईना. हा एक तात्त्विक प्रयोग आहे, व्यवहारात वापरण्यासाठी तो नाही, अशी खुद्द त्यांचीच भूमिका होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०११ मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला. संग्रहालय हीच त्याची योग्य जागा होय.

दुसरी वाट स्वित्झर्लंडचे आद्रियान फ्रुटिगर यांची. यंत्राला वाचता यावे असे अक्षर त्यांनाही काढावयाचे होते. १९६८ मध्ये पुऱ्या झालेल्या त्यांच्या 'ओसीआर-बी' या वळणात प्रत्येक अक्षर यंत्राला निराळे ओळखू येते, आणि तरीही माणसाला ते परके वाटत नाही. आपले पारपत्र उघडून पाहावे. छायाचित्राच्या पानावर तळाशी ज्या दोन लांब ओळी असतात, त्या याच अक्षरांत असतात. याच फ्रुटिगर यांनी १९६० च्या दशकात अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या निमंत्रणावरून आपल्या देवनागरी अक्षरांवरही काम केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

यंत्रासाठी अक्षराने किती वाकावे, हा प्रश्न आपल्या लिपीला तर फार पूर्वीपासून भेडसावीत आला आहे. काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या छपाईला शेकडो खिळे लागत. जुळाऱ्याचा अर्धा वेळ घरे शोधण्यात जाई. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषाने या खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी स्वतः परिश्रम घेतले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ' ची बाराखडी सुचविली. त्यामागेही मुद्रणाची सोय हे एक कारण होतेच. पुढे टंकलेखनयंत्र आले, आणि त्याच्या मोजक्या कळांत बसण्यासाठी आपली जोडाक्षरे मोडून पडली. आज परिस्थिती उलट झाली आहे. मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज संगणकांतून आपल्या कार्यालयांत आला, आणि यंत्रानेच देवनागरीपुढे मान तुकविली. आता हवे ते जोडाक्षर, हवे तेथे उमटते. म्हणजे यंत्रासाठी अक्षर वाकविण्याची सक्ती संपली आहे. नेमक्या याच वेळी आपण हौसेने ते वाकवू लागलो आहोत, याचे मला नवल वाटते.

या वळणाच्या बरोबरीने आलेला दुसरा गुण म्हणजे अरुंदपणा. त्याचा इतिहास अधिक जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत मोठाली भित्तिपत्रके निघू लागली. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द मात्र लांब. आणि दुरून दिसावा म्हणून तो उंच हवा. मग अक्षरे दाटीवाटीने उभी करावी लागली. १८२८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी खिळ्यांचे सूचिपत्र काढले आणि अशा अक्षरांना सुगीचे दिवस आले. आपल्याकडे एसटीच्या पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांनी हे तंत्र कोणत्याही सूचिपत्राशिवाय आत्मसात केले होते. 'पुणे' लिहिताना ब्रश ऐसपैस चाले आणि 'श्रीक्षेत्र' ने सुरू होणारे एखादे लांबलचक गाव आले की, तीच अक्षरे अंग चोरून उभी राहत. पण त्या कारागिराने कान्याची जाडी कधी कमी केली नाही. तो अक्षराच्या पोटातली जागा कमी करी. रेघ मात्र तितकीच ठसठशीत ठेवी.

हा भेद महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आज आपल्या कार्यालयात संगणकावर काम करणारा कर्मचारी मजकूर मावत नसला की, साधे अक्षर कोपऱ्यात धरून आडवे दाबतो. त्यामुळे काय होते? उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या रेघा होत्या तेवढ्याच जाड राहतात. देवनागरीत आडवी रेघ म्हणजे शिरोरेषा. म्हणजे डोक्यावरची वळकटी जाड आणि खालचे पाय काडीसारखे, अशी रांग उभी राहते. दुरून पाहिले तर केवळ काळी पट्टी दिसते आणि तिच्याखाली धुके. अरुंद अक्षर हवे असेल, तर ते अरुंद म्हणूनच आखलेले असावे लागते. दाबलेले अक्षर हे अरुंद अक्षर नव्हे.

त्यातही देवनागरीची एक खास अडचण आहे. रोमन मोठी अक्षरे दोन रेषांच्या मध्ये उभी असतात. आपली लिपी तीन मजल्यांची. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार. मध्ये मुख्य अक्षर. खाली उकार आणि ऋकार. चौकोनी, दाट, यंत्रासारखे दिसणारे अक्षर काढताना वरचा व खालचा मजला हमखास चेपला जातो. मधल्या मजल्यावरही गोंधळ होतोच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांच्यातला फरक एखाद्या बारीक वळणाचा किंवा शिरोरेषेतील फटीचा असतो. कोपरे चौकोनी केले की ती फट बुजते. 'ख' चा 'रव' होतो, हे तर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. अनुस्वार ही लहानशी टिकली. पण योजना 'गावात' येणार की 'गावांत' येणार, हे तिच्यावर ठरते. त्या टिकलीवर सरपंचांची एक संपूर्ण सभा भांडणात गेलेली मी पाहिली आहे.

आता माझी गोष्ट. दहाबारा वर्षांपूर्वी मी निराळ्या ठिकाणी काम करीत होतो. एका ग्रामीण भागात मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रियेचे शिबिर व्हावयाचे होते. त्याचे भित्तिपत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले. सरकारी पत्रक म्हणजे रटाळ, हा शिक्का पुसून टाकावा, अशी माझी उमेद. कलाशाखेचा पदवीधर असल्याने सौंदर्यदृष्टीचा थोडा अभिमानही होता. संगणकात मला एक देवनागरी टंक सापडला. उंच, अरुंद, चौकोनी, अंतराळयानाच्या दारावर शोभावा असा. आधुनिक उपकरणांनी तपासणी होणार, मग अक्षरही आधुनिक हवे, असे मी स्वतःलाच पटविले आणि शीर्षकापासून तारखेपर्यंत सारा मजकूर त्याच अक्षरांत घातला. वरिष्ठांनी वाखाणणी केली. आपण काढलेले पत्रक भिंतीवर लागलेले पाहण्यात एक सुख असते. ते मी दोन दिवस भोगले.

शिबिर १९ तारखेस होते. ११ तारखेस सकाळी रुग्णालयातून दूरध्वनी आला की, ओसरीवर माणसे येऊन बसली आहेत, काय करावे? मी धावत गेलो. वीसएक वृद्ध स्त्रीपुरुष होते. कोणी एसटीने आले होते, कोणी मुलाच्या दुचाकीवर. माझ्या त्या अरुंद टंकात ९ ची गाठ बुजून तो १ सारखा दिसत होता. मी घरून निघण्यापूर्वी पत्रक दहा वेळा पाहिले होते. परंतु तारीख मला माहीतच असल्याने मी ती कधी वाचली नव्हती. वार छापला असता तरी निभावले असते. तोही मी जागेअभावी गाळला होता. एका आजींपाशी जाऊन मी क्षमा मागितली आणि आकडा वाचण्यात चूक झाली असे काहीसे बोललो. त्या म्हणाल्या, "सायेब, मला दिसत न्हाई म्हनून तर आले. आकडा नातवानं वाचला. त्याचे डोळे चांगले हायेत."

यावर मी काय बोलणार? त्यांना चहा दिला, गाडीभाड्याची काहीतरी सोय केली आणि परत पाठविले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या छापखान्यात नवे पत्रक केले. त्यात 'दृष्टी' हा एकच शब्द त्या अरुंद अक्षरात ठेवला, कारण तो तेथे खरोखरच चांगला दिसत होता. बाकी सारे साध्या, ठळक अक्षरांत. तारीख आकड्यात, अक्षरात आणि वारासह. १९ ला शिबिर चांगले झाले. ११ ला आलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा आले. त्या आजी आल्या नाहीत. पुढे त्यांचे काय झाले, ते मला कळले नाही. त्यांचे गाव विचारून ठेवावयास हवे होते.

तेव्हापासून मी अशा अक्षरांकडे पाहतो तो त्यांची जागा ठरविण्यासाठी. ती जागा आहे आणि चांगली आहे. मराठी रंगभूमीच्या वृत्तपत्रीय जाहिराती आठवाव्यात. कमल शेडगे यांनी पुष्कळ वर्षे नाटकांची शीर्षके आपल्या हाताने काढली. प्रत्येक नाटकाचे अक्षर निराळे, त्या नाटकाचा स्वभाव सांगणारे. कोठे ते थरथरे, कोठे ताठ उभे राही. पण त्याच जाहिरातीत नाट्यगृह कोणते आणि प्रयोग किती वाजता, हा तपशील मात्र साध्या छापील अक्षरांत असे. शीर्षकाने बोलवावयाचे आणि साध्या अक्षराने पोचवावयाचे, ही विभागणी आपल्या वृत्तपत्रांना फार पूर्वी उमगली होती.

तेव्हा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या कमानीवर, भित्तिपत्रिकेच्या मथळ्यावर, स्नेहसंमेलनातील अंतराळाच्या एखाद्या नाटुकल्याच्या फलकावर हे धनादेशी अक्षर खुशाल वापरावे. तीन-चार शब्दांपर्यंत त्याची मजा टिकते. ग्रंथालयाच्या उभ्या, चिंचोळ्या पाटीसाठी नीट आखलेले अरुंद अक्षर तर उपकारकच ठरते. परंतु ग्रामसभेची तारीख, पाणीपट्टीची रक्कम, लाभार्थ्यांची नावे, दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक यांच्या वाटेस ते जाऊ देऊ नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमात माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी संपर्कपद्धती विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. अक्षराचे वळण हा त्या पद्धतीचाच भाग आहे, असे मी मानतो. एखादा कायदेपंडित मतभेद दाखवील; पण फलकासमोर उभा राहिलेला निरक्षराचा नातू मतभेद दाखविणार नाही.

पत्रक तयार झाले की ते वाचून घेण्यासाठी मजकूर ठाऊक नसलेला माणूस बोलवावा, हे मी अनुभवाने शिकलो. शिपाई, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, दाखल्यासाठी आलेला कोणीही चालेल. शक्य तर साठी उलटलेला असावा. त्याला चष्मा घालू द्यावा, पण मदत करू नये. तो जेथे अडखळेल, तेथे अक्षर बदलावे. तो शब्द बदलावा असे म्हणाला, तर शब्दही बदलावा; कारण अनेकदा दोष अक्षराचा नसून आपल्या शासकीय भाषेचा असतो. तो विषय आजचा नाही, आणि त्यावर बोलू लागलो तर चहा थंड होईल.

बाहेर ओसरीच्या भिंतीवर ती दोन्ही पत्रके लावून ठेवली आहेत. पहिले आणि दुसरे, शेजारी शेजारी. समोर वीस पावलांवर खडूची रेघ ओढली आहे. चहाला जाताना आपण प्रत्येकाने त्या रेघेवर क्षणभर थांबावे, पहिल्या पत्रकावरची तारीख वाचावी आणि दाराशी ठेवलेल्या वहीत ती लिहावी. आता तारीख कोणती ते मी सांगून बसलो आहे, ही माझी चूक झाली. म्हणून असे करू: शिबिरातले जे कर्मचारी स्वयंपाकघरात होते आणि ज्यांनी हे व्याख्यान ऐकलेले नाही, त्यांना आधी पाठवितो. आपण मागून यावे.